निफाडची थंडी आणि द्वारकेवरची गॅरेजं

नाशिकच्या द्वारका चौकात रात्र अशी होतच नाही. मुंबई-आग्रा महामार्ग आणि पुण्याचा रस्ता इथे मिळतात, त्यामुळे वर्दळ सदाचीच. पण डिसेंबर-जानेवारीत, फजरची नमाज आटोपून माणसं कानटोप्या ओढत जुन्या नाशकातल्या गल्ल्यांतून बाहेर पडतात, त्या वेळी एक आवाज हमखास ऐकू येतो. स्टार्टर घरघरतो, पांढरा धूर निघतो, इंजिन दोनदा खोकतं आणि गप्प होतं. मग ड्रायव्हरची नजर गॅरेज कधी उघडतंय याकडे लागते.

या गॅरेजांत आपल्या समाजातल्या कितीतरी घरांची रोजी आहे. पंप, गिअरबॉक्स, रेडिएटर, वायरिंग, प्रत्येकाचा उस्ताद वेगळा. हिवाळ्यात पहिलं गिऱ्हाईक बहुधा बंद पडलेल्या गाडीचंच.

ही थंडी येते ती निफाडच्या बाजूने. गोदावरी आणि कादवेच्या काठचा हा सपाट, उघडा मुलूख. आभाळ निरभ्र असलं की रात्री जमीन भराभर निवते. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात डिसेंबर २०१८ च्या अखेरीस पारा दोन अंशांच्याही खाली उतरला होता. इकडे कसारा घाट उतरला की अंगातलं स्वेटर काढावं लागतं. भिवंडीहून रात्री चढून आलेल्या ड्रायव्हरला म्हणूनच सकाळी आश्चर्य वाटतं, की काल ठणठणीत असलेल्या गाडीला झालं काय?

कारण साधं आहे. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमधली हवा जोरात दाबली की तापते आणि त्या तापलेल्या हवेत डिझेल पेटतं. लोखंड गार पडलं की ती उष्णता तेच शोषून घेतं. त्यातच ऑइल घट्ट होतं, बॅटरीची ताकद घटते; म्हणजे काम वाढतं आणि बळ कमी होतं. शिवाय डिझेलमध्ये मेण असतं. फार थंडीत ते गोठून फिल्टर तुंबवतं. आपल्याकडे हिवाळ्यात वेगळ्या प्रतीचं डिझेल येतं. ३ अंशांपर्यंत ते वाहतं राहिलं पाहिजे, असं प्रमाण आहे. लडाखसाठी तर २०१९ साली उणे ३३ अंशांतही न गोठणारं खास डिझेल आलं.

ज्या मुलखात बर्फच बर्फ, तिथे इंजिनालाच हीटर बसवतात. अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटा राज्यात अँड्र्यू फ्रीमन यांनी अशा हीटरचं पेटंट १९४९ साली घेतलं. विजेवर चालणारी ही छोटी कॉइल इंजिनाभोवतीचं पाणी रात्रभर कोमट ठेवते. कॅनडात थंड भागांतल्या वाहनतळांवर त्यासाठी विजेचे सॉकेटही असतात. निफाडच्या शेतकऱ्याला हे नवल वाटू नये. कडाक्याच्या पहाटे तो द्राक्षबागेत विहिरीचं पाणी सोडतो, कारण जमिनीखालचं पाणी हवेपेक्षा उबदार असतं. हीटर इंजिनाला देतो तीच ऊब हा शेतकरी वेलींच्या मुळाशी देतो.

नाशिकच्या थंडीला मात्र हीटरची गरज नाही. हिवाळ्याच्या तोंडावर बॅटरी तपासावी, टर्मिनल साफ करावेत, डिझेल फिल्टर बदलावा, त्यातलं पाणी काढावं आणि कंपनीने सांगितलेलंच ऑइल घालावं. ज्या गाडीला ग्लो प्लग आहेत, तिथे काचेमागचा दिवा विझेपर्यंत थांबून मगच स्टार्टर मारावा. एका वेळी दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त नाही, आणि मध्ये बॅटरीला दम घेऊ द्यावा. गाडी सुरू झाली की लगेच ॲक्सिलरेटर दाबू नये. थोडं थांबून सावकाश निघावं.

काही जण घाईत टाकीखाली चिंध्या पेटवतात. पाइपातून डिझेल झिरपत असेल तर गाडी, माल आणि माणूस तिन्ही जातील. गार पडलेल्या रेडिएटरमध्ये एकदम उकळतं पाणी ओतल्यानेही लोखंडाला तडा जाऊ शकतो.

याहून मोठा धोका आवाज करत नाही. थंडी वाजते म्हणून ड्रायव्हर-क्लीनर केबिनच्या काचा लावून आत कोळशाची शेगडी ठेवतात, किंवा गॅरेजचं शटर ओढून इंजिन चालू ठेवतात. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. डोकं जड होतं, झोप येते आणि माणूस उठत नाही. झोपण्यापूर्वी घरातला विस्तव विझवावा, ही शिकवण हुजूर (स.) यांनी आपल्याला दिली आहे. ती चूल असलेल्या घराला जशी लागू, तशीच लासलगावच्या कांद्याने भरलेल्या ट्रकच्या केबिनलाही.

तेव्हा घरातलं कोणी या दिवसांत रात्रीच्या गाडीवर निघालं, तर डब्यासोबत एक जाड रजई द्या. आणि निघताना एवढं नक्की सांगा, की केबिनमध्ये शेगडी नको, काच दोन बोटं उघडी ठेवा. सकाळी गाडी अर्धा तास उशिरा निघाली तरी मार्केट कुठे पळून जात नाही.