नुसतं पाणी घालते

आमच्या मराठी विभागात पदव्युत्तर वर्गासाठी बोलीचा एक छोटा प्रकल्प असतो. गेवराई, माजलगाव, वडवणीकडची मुले घरातून शेतीचे शब्द गोळा करून आणतात. एका वर्षी 'फवारणी' या नोंदीखाली मुलांच्या वह्यांत पंप, नोझल, मात्रा, औषधांची नावे असे पानभर शब्द होते. एका मुलीने मात्र एकच ओळ लिहिली होती : फवारणी दादा करतो, आई नुसतं पाणी घालते.

त्या 'नुसतं'पाशी आम्ही अडलो. कपाशी वाढली की एकरी दीडशे-दोनशे लिटर पाणी लागते. ते घागरीने आणायचे, बादलीत औषध कालवायचे, लिंबाच्या काडीने ढवळायचे (काडी नसेल तर हाताने) आणि पाठीवरच्या पंपात ओतायचे. फवाऱ्यातल्या पाण्यापेक्षा बाटलीतले मूळ द्रावण कितीतरी तीव्र असते. ऑरगॅनोफॉस्फेट गटातली कीटकनाशके तर धडधाकट कातडीतूनही शरीरात उतरतात. पुढे त्याच पानांतून खुरपायला वाकायचे, तेही तिनेच. दादा निदान तोंडाला उपरणे गुंडाळतो. हातमोजे, चष्मा तोही वापरत नाही. भादव्याच्या उन्हात जीव गुदमरतो म्हणतो, आणि ते खोटे नाही. तिने काही बांधावे हे मात्र कुणाच्या मनातच येत नाही. ती फवारणी करतच नाही ना!

विषाला 'औषध' म्हणण्यातला विरोधाभास आपण वर्गात हौसेने सांगतो. कर्त्याच्या लिंगाकडे मात्र आमचेही लक्ष गेले नव्हते. कीटकनाशकांचा कायदा १९६८चा, नियम १९७१चे; संरक्षक कपड्यांची तरतूद त्यांत आहे. बाटलीवर विषारीपणानुसार लाल, पिवळा, निळा, हिरवा त्रिकोण असतो. पण बाटली दुकानातून आणतो पुरुष, दुकानदार बोलतो पुरुषाशी. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली फवारणीतल्या विषबाधेने वीसहून अधिक माणसे गेली, तेव्हाही चर्चा झाली ती 'फवारणाऱ्या'ची. ती होणे रास्तच होते. पंप भरून देणारीला मात्र नामच नाही.

मग आम्ही प्रश्न बदलला. फवारणी कोण करते, असे न विचारता त्या दिवशी घरातल्या कुणाकुणाच्या हाताला वास येतो, असे विचारले. मुलींची पाने भरून आली. त्यांत एक नोंद कपड्यांची होती : फवारणीचा सदरा आई धुते, सगळ्यांच्या कपड्यांबरोबर.

आमच्यापैकी एकाच्या घरीही हेच चाले. सदरा दगडावर आपटताना त्याच्या आईचे डोके दुखू लागे, मळमळे. उन्हाने असेल, असे सगळे म्हणत. तोही म्हणे.