टोप मागायला गेलो तेव्हा

जिवती तालुक्यातल्या एका आश्रमशाळेत मी मराठी शिकवायचो. माणिकगडाच्या डोंगरांवरचा हा मुलूख. पलीकडे लगेच तेलंगणाचा कुमरम भीम आसिफाबाद जिल्हा लागतो आणि सीमेवरच्या चौदा गावांवर दोन्ही राज्यं आजही हक्क सांगतात. माझे बहुतेक विद्यार्थी गोंड. घरात गोंडी, शाळेत मराठी, पलीकडच्या सोयऱ्यांशी तेलुगू, अशा तीन भाषा ती मुलं सहज बोलायची.

एका हिवाळ्यात सांस्कृतिक कार्यक्रमाचा निरोप आला. आमच्या शाळेनं घुसाडी नाच बसवावा, मोरपिसांचे टोप हवेतच, गावात मिळाले नाहीत तर शहरातून भाड्यानं आणावेत, असं त्यात होतं. भाड्यानं आणण्याआधी गावात विचारावं म्हणून मी जवळच्या गुड्यावर, म्हणजे गोंडांच्या वस्तीवर, तिथल्या प्रमुखांकडे, पटेलांकडे गेलो. वयस्क माणूस, दिवाळीच्या दंडारीत अनेक वर्षं स्वतः घुसाडी झालेला.

त्यांनी आधी चहा दिला, मग म्हणाले, "गुरुजी, पोरायले नाचू द्या. दंडारीचा नाच सगळ्यायचा हाय. पन टोप नाई भेटनार. थो दिवाळीतच खाली येते, पूजा करून. मंग डोक्यावर घेतला का थो मानूस मानूस नाई राहत, देव राहते."

त्या संध्याकाळी त्यांनी मला बरंच सांगितलं. दिवाळीच्या आसपास दंडारीचं पथक ढोल, तुडुम आणि पेपरे वाजवत दुसऱ्या गावी पाहुणं म्हणून जातं. यजमान गाव त्यांना जेवू घालतं, रात्रभर नाच चालतो, आणि याच भेटीगाठींतून सोयरिकीही जुळतात. पथकातले दोन-चारजण घुसाडी होतात. अंगाला राख, गळ्यात माळा, डाव्या खांद्यावर कातडं, हातात काठी आणि डोक्यावर मोरपिसांचा भला मोठा टोप. तेवढे दिवस घुसाडी आंघोळ करत नाही. त्याच्या काठीचा स्पर्श झाला की दुखणं जातं, अशी लोकांची श्रद्धा असते, म्हणून आया लेकरांना त्याच्यापुढे आणतात. सण संपला की शेवटची पूजा होते आणि टोप पुन्हा वर्षभरासाठी ठेवला जातो.

पिसांचंही त्यांनी सांगितलं. पावसाळा सरताना मोराची पिसं गळतात, ती रानातून वेचायची. १९७२च्या वन्यजीव कायद्यानं मोराची शिकार बंद आहे, गळलेल्या पिसांना मात्र देशात मुभा आहे. हरणाचं कातडं आता मिळत नाही, म्हणून त्यांच्या खांद्यावर शेळीचं येतं. हे सांगताना त्यांच्या बोलण्यात खंत नव्हती. कातडं बदललं तरी देव तोच, असं ते म्हणाले.

मी शाळेत आलो आणि मुलांपुढे सगळं मांडलं. नववीतला एक मुलगा, पटेलांचाच नातू, म्हणाला, "सर, माझे आजोबा टोप देणार नाहीत हे मला माहीत होतं. पण आम्हाला कुणी विचारलंच नाही." मग आम्ही ठरवलं की दंडारीचा नाच करायचा, धोतर, दुपट्टा आणि घुंगरू एवढ्यावर. वाजवायला गावातलेच वाजंत्री. आयोजकांना कळवलं, तेव्हा टोपाशिवाय हे लोकांना घुसाडी वाटणार कसं, अशी विचारणा झाली. मी उत्तर दिलं की हा घुसाडी नाहीच, दंडारीचा नाच आहे, आणि निवेदनात तसंच सांगावं. तसं सांगितलं गेलं. मुलं मन लावून नाचली. त्यांच्या आधी दुसऱ्या एका संघानं रंगवलेल्या प्लास्टिकच्या पिसांचे टोप घातले होते. माझ्या मुलांनी ते पाहिले आणि काही न बोलता नजर दुसरीकडे वळवली.

पुढे पुतणीच्या लग्नात नागपूरला या विषयाला वेगळीच जोड मिळाली. तिचा नवरा स्कॉटलंडचा. त्याचे वडील चौकड्यांचा किल्ट, म्हणजे गुडघ्यापर्यंतचा घागऱ्यासारखा वेष, घालून मांडवात आले, आणि त्यांच्या डाव्या खांद्यावर त्याच चौकड्यांचं कापड पिनेनं अडकवलेलं होतं. पोरं भोवती जमली, फोटो निघाले. जेवताना मी त्यांना खांद्यावरच्या त्या कापडाबद्दल, प्लेडबद्दल विचारलं. पूर्वी हे एकच लांबरुंद लोकरी वस्त्र होतं, ते म्हणाले. कमरेला पट्ट्यानं आवळायचं, उरलेलं खांद्यावर टाकायचं, थंडीत अंगाभोवती घ्यायचं आणि डोंगरात रात्र काढायची झाली तर त्यातच झोपायचं. अठराव्या शतकात खालचा भाग वेगळा शिवला जाऊ लागला. खांद्यावरचं कापड आता शोभेपुरतं राहिलं.

स्कॉटलंडमधलं बंड कलोडनच्या लढाईत मोडल्यानंतर, १७४६मध्ये, ब्रिटिश संसदेनं तिथल्या पुरुषांना हा डोंगराळ भागातला वेष घालायला बंदी केली. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने कैद, दुसऱ्याला सात वर्षं हद्दपारी. सैन्यातल्या पलटणींना मात्र मोकळीक होती. १७८२मध्ये बंदी उठली. आणि १८२२मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिनबरोला आला, तेव्हा कादंबरीकार वॉल्टर स्कॉटच्या आखणीनुसार स्वतः राजानंच किल्ट घातला. ज्या घराण्यानं वेष मोडला, त्याच घराण्यातला राजा तो मिरवत होता. प्रत्येक कुळाचं ठरावीक टार्टन, म्हणजे चौकड्यांचं कापड, ही व्यवस्थाही मुख्यतः त्यानंतरच घट्ट झाली. व्याह्यांना हे सगळं ठाऊक होतं. "आमच्या घरात लग्न आणि मरण, दोन्हीला हे घालतात," ते म्हणाले, "माझ्या वडिलांना निरोप देताना हेच खांद्यावर होतं. म्हणून आज मुलाच्या लग्नाला आहे."

त्यांच्या बोलण्यातून मला पटेलांचं म्हणणं अधिक उमगलं. जुनेपणा ही परंपरेची कसोटी नाही. नंतरच्या दिवाळीत त्याच गुड्यावर दंडारी पाहिली, तेव्हा एका तरुण घुसाडीनं काळा चष्मा लावला होता. लोकांना त्यात काहीच वावगं वाटलं नाही. आया लेकरं घेऊन त्याच्यापुढे येतच होत्या. चष्मा नवा होता, पण तो मुलगा सणाच्या नेमात होता, गावानं त्याला निवडलं होतं, आणि त्याच्या काठीकडे आशेनं पाहणारी माणसं समोर होती. रंगमंचावरचा प्लास्टिकचा टोप जुन्या टोपाची हुबेहूब नक्कल असला, तरी त्याच्यासोबत कुठलाच नेम येत नाही आणि कुणाची श्रद्धाही येत नाही. वेषाबरोबर जबाबदारी अंगावर येते तेव्हा ती परंपरा. नुसतं कापड आणि पिसं आली, तर तो पोशाख.

रंगमंचावर नेणं म्हणजे बाटवणं, असंही मी मानत नाही. सीमेपलीकडच्या मार्लवाईचे कनक राजू यांनी घुसाडी दिल्लीपर्यंत नेला, इंदिरा गांधींसमोर सादर केला, आश्रमशाळेतल्या मुलांना शिकवला. २०२१मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. २०२४मध्ये ते वारले. काय बाहेर न्यायचं आणि कसं, हे त्या परंपरेत वाढलेल्या माणसानं ठरवलं होतं. पाहणाऱ्यांच्या हौसेनं ते ठरलं नव्हतं.

म्हणून सांस्कृतिक कार्यक्रम आखणाऱ्या प्रत्येकाला माझं कळकळीचं सांगणं आहे. यादीत नाच लिहिण्याआधी त्या गावात जा, पटेलांना आणि देवाचं करणाऱ्यांना विचारा. ते जे देतील, ते त्यांच्याच नावानं सादर करा. "नाही" म्हणाले, तर तो नकार मुलांना समजावून सांगा, कारण तोही त्यांच्या शिक्षणाचा भाग आहे. आजोबांच्या शब्दाला शाळेत वजन आहे, हे ज्या मुलाला दिसतं, तोच मुलगा उद्या स्वतःहून टोप उचलायला पुढे येईल.