डेटा वाढणार हे खरंच, पण...

परवा रात्री भाच्याचा फोन आला. एरवी हा प्राणी फोन करत नाही, व्हॉट्सॲपवर अंगठा दाखवून मोकळा होतो. म्हणजे काहीतरी विशेष असणार.

"मामा, फ्लॅटच्या डाउन पेमेंटसाठी जमवलेत ना, त्यातले दहा लाख अमेरिकन शेअर्समध्ये टाकू म्हणतोय. डेटा साठवणाऱ्या कंपन्या. सीगेट, वेस्टर्न डिजिटल, सॅनडिस्क."

"का रे बाबा?"

"अरे, एआय आलंय. डेटा वाढतच जाणार. तो कुठेतरी ठेवायला लागणारच ना?"

२०२५ साली या तिन्ही कंपन्यांचे शेअर्स दुपटीहून जास्त वाढले, हेही त्याला तोंडपाठ होतं. मी काय बोलणार? डेटा वाढणार हे मलाही पटतं. फक्त हे वाक्य मी आधी ऐकलं होतं. ऐकलं कशाला, मीच बोललो होतो. २००० सालच्या फेब्रुवारीत, बाबांसमोर.

तेव्हा आयटीचं वारं असं होतं की पानवालासुद्धा टिप द्यायचा. नोकरीतली पहिली बचत मी एका आयटी फंडात घातली. दीड वर्षात त्यातला जेमतेम पाव हिस्सा उरला. बाबा एका शब्दाने बोलले नाहीत. फक्त रोज सकाळी पेपर माझ्या हातात देताना शेअरबाजाराचं पान बाजूला काढून ठेवायचे. ते जास्त लागायचं.

असो. भाच्याला माझी नाही, ईएमसीची गोष्ट सांगितली.

ईएमसी ही मॅसॅच्युसेट्समधली कंपनी, १९७९ साली सुरू झालेली. बँका, विमा कंपन्या, टेलिफोन कंपन्या यांचा डेटा साठवणारी मोठमोठी यंत्रं ती बनवायची. नव्वदच्या दशकात न्यूयॉर्क शेअरबाजारात तिच्याइतका कुठलाच शेअर वाढला नाही. २००० च्या सप्टेंबरात भाव शंभर डॉलरच्या वर गेला. लोक म्हणत होते, डेटा वाढतच जाणार.

आणि गंमत म्हणजे ते बरोबर होते! डेटा त्यांच्या स्वप्नातही नसेल इतका वाढला. पण २००२ च्या ऑक्टोबरात तोच शेअर चार डॉलरच्याही खाली होता. कंपनी बुडाली नाही, चांगली चालत राहिली. २०१६ साली डेलने ती विकत घेतली तेव्हा शेअरमागे साधारण तेहतीस डॉलरचा सौदा ठरलेला होता. म्हणजे शंभराला घेतलेल्याने सोळा वर्षं कळ काढली, तरी हातात तिसरा हिस्सा.

"मग डेटाचे पैसे गेले कुठे?" भाचा म्हणाला.

हा प्रश्न मला आवडला. त्यातले बरेच गेले एका पुस्तकं विकणाऱ्या दुकानाकडे! २००६ च्या मार्चमध्ये ॲमेझॉनने डेटा साठवायची जागा भाड्याने द्यायला सुरुवात केली, महिन्याला एका जीबीला पंधरा सेंट. २०२४ साली ॲमेझॉनच्या कामकाजातल्या नफ्यात निम्म्याहून जास्त वाटा या क्लाउडचा होता. २००० साली डेटावर पैज लावणाऱ्या किती जणांनी त्यासाठी ॲमेझॉन घेतला असता? आणि घेतला असता तरी टिकवला असता का? १९९९ च्या डिसेंबरात शंभर डॉलरच्या वर असलेला तो शेअर २००१ साली सहाच्या खाली आला होता.

शिवाय ते पंधरा सेंटचं भाडं दहा वर्षांत अडीच सेंटच्याही खाली आलं. वापर वाढतो तसा भाव पडतो. फायदा आधी गिऱ्हाइकाचा, म्हणजे तुमचा-माझा. भाच्याच्या आवडत्या कंपन्यांचंही तेच. टंचाई आली की भाव चढतात, मग सगळे उत्पादन वाढवतात आणि माल पडून राहतो. २०२३ साली फ्लॅश मेमरीचे भाव असे काही पडले की वेस्टर्न डिजिटल मोठ्या तोट्यात गेली. सॅनडिस्क तेव्हा तिच्याच घरात होती, २०२५ साली वेगळी झाली.

तर मंडळी, गरज ओळखणं सोपं असतं. त्या गरजेवर शेवटी कोण कमावणार, आणि आज आपण त्याची किती किंमत मोजतोय, हे दोन प्रश्न अवघड. आम्ही २००० साली पहिल्याचं उत्तर काढलं आणि पेपर सोडवल्यासारखे उठून गेलो.

"म्हणजे घेऊ नको?"

"घे की. पण पगारातून, थोडे थोडे. गेले तरी झोप लागेल इतके. दोन वर्षांत घरासाठी लागणाऱ्या पैशाला हात लावू नकोस."

"बघतो," म्हणाला. 'बघतो'चा अर्थ मला चांगला ठाऊक आहे. बाबांना मीही हेच म्हणालो होतो.

ताई हा ब्लॉग वाचते, तेव्हा तिला एक विनंती. त्याला रागावू नकोस. आणि त्याने ऐकलं नाहीच, तर पेपरातलं ते पान तेवढं बाजूला काढून ठेवू नकोस. त्यापेक्षा चार शब्द बोललेले परवडतात.