तिसरी ‘ब’

पिणाऱ्या माणसाचा भूगोल पक्का असतो. नर्मदा पूर्वेकडे वाहते की पश्चिमेकडे, हे मला शाळेत कधी सांगता आले नाही. पण दादरपासून बोरीबंदरपर्यंत कुठल्या परमिट रूममध्ये पंखा चालतो, कुठे शेंगदाणे फुकट मिळतात आणि कुठला वेटर चारचौघांत उधारीचा विषय काढत नाही, हे मी झोपेतून उठवले तरी सांगितले असते. असा हा भूगोलतज्ज्ञ १९८९ सालच्या एका गुरुवारी, त्याच दादरमध्ये, अर्धा तास एक पत्ता शोधत हिंडत होता.

पत्ता डॉक्टरांनी दिला होता. आठ दिवस दवाखान्यात ठेवून त्यांनी माझ्या हातांची थरथर घालवली आणि म्हणाले, “शरीराचं मी पाहिलं. पण मन घरी गेल्यावर पुन्हा मागणारच. आता सोबत शोधा.” मी मान डोलावली. डॉक्टरांपुढे मान डोलवायची मला सवयच होती. चिठ्ठी खिशात तशीच राहिली असती; पण त्याच आठवड्यात साखर आणायला म्हणून रेशनकार्ड उघडले आणि आतून एक घडी घातलेला कागद पडला.

आता आमच्या हिचे भांडण मला नवे नव्हते. ती भांडत होती तोवर मी निर्धास्त होतो. अलीकडे ती भांडायची थांबली होती, आणि मी मूर्ख, त्याला सुधारणा समजत होतो. कागद मुलाच्या शाळेच्या मुख्याध्यापकांच्या नावे होता. दाखला मिळण्याबाबत अर्ज. अक्षर हिचे, वळणदार. खाली लिहिले होते, ‘कारण : वडिलांची बदली.’

माझी कुठेही बदली झालेली नव्हती. सोडून जातानासुद्धा बाई माझी अब्रू झाकून जाणार होती. मी कागद होता तसा ठेवला आणि साखर न आणता दादरला गेलो.

बारमध्ये शिरताना मी कधी मागेपुढे पाहिले नव्हते. हा पत्ता विचारताना मात्र जीभ जड झाली. (एरवी ती कशाने जड व्हायची ते वाचकांनी समजून घ्यावे.) कोपऱ्यावरच्या पानवाल्याला विचारले, “काय हो, इथे ती... मीटिंग कुठे असते?”

“कसली? युनियनची की भिशीची?”

“तशी नाही. जरा... आरोग्याची.”

“मग असं सांगा ना! नसबंदीचा कँप मागच्या गल्लीत आहे.”

त्याच्याकडून एक मसाला पान घेऊन मी सटकलो. शेवटी एका म्युनिसिपल शाळेच्या फाटकाशी पोचलो. स्टुलावर रखवालदार बसला होता. मी घसा साफ करून म्हणालो, “माझ्या एका मित्रासाठी चौकशी करायची होती...”

“समदे मित्रासाठीच येतात,” तो म्हणाला. “वर जावा. तिसरी ‘ब’.”

तिसरीच्या बाकावर चाळिशीचा माणूस बसला की गुडघे छातीला लागतात आणि रुबाब आपोआप कमी होतो. फळ्यावर तेराचा पाढा अर्धवट पुसलेला. पंधरा-वीस माणसे होती. टॅक्सी चालवणारा होता, बँकेतला साहेब होता. एकेक जण उठे, फक्त पहिले नाव सांगे आणि म्हणे, “मी मद्यपी आहे.” आडनाव नाही, हुद्दा नाही. मी पाकीट काढून प्रवेश फी विचारली तर सगळे हसले. फी नाही, फॉर्म नाही; दारू सोडायची इच्छा हवी, एवढीच सभासदत्वाची अट. शेवटी एक पिशवी फिरते, तीत सभासदांनी ऐपतीप्रमाणे टाकावे. बाहेरच्यांची देणगी घेतच नाहीत. देणगी नाकारणारी संस्था मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली!

शेजारच्या बँकवाल्या साहेबांनी चहा पिता पिता या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसची जन्मकथा सांगितली. १९३५ साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावी बिल नावाचा एक शेअर दलाल धंद्यात मार खाऊन हॉटेलात उभा होता. पिणे सोडून त्याला काही महिनेच झाले होते. एका बाजूला बार, दुसऱ्या बाजूला टेलिफोन. तो टेलिफोनकडे गेला आणि बोलायला दुसरा कुणी दारुडा मिळतो का, म्हणून शोधू लागला. मिळाला तो एक सर्जन, डॉक्टर बॉब. पंधराच मिनिटे थांबेन म्हणून आलेला हा गृहस्थ सहा तास बसला. भारतात ही मंडळी १९५७ साली आली. “म्हणजे पहिल्या माणसालाही पत्ता शोधावाच लागला,” साहेब म्हणाले. “तुम्ही अर्धाच तास हिंडलात.”

माझी पाळी आली. उठलो. “माझा एक मित्र...” एवढे बोललो आणि थांबलो. कुणी हसले नाही, कुणी घाई केली नाही. मग मी माझे नाव सांगितले.

“आता जन्मभर सोडायची म्हणजे...” निघताना मी कुरकुरलो. साहेब म्हणाले, “जन्मभराचं कोण बोलतंय? आज झोपेपर्यंत नको. उद्याचं उद्या बघू.”

पुढे मी दोनदा घसरलो, हेही सांगितले पाहिजे. दोन्ही वेळा तोंड लपवत परत गेलो, तर विचारणा एवढीच झाली, “चहा घेणार ना?” तिसऱ्यांदा जे टिकले ते आज दुपारपर्यंत टिकले आहे. संध्याकाळचे संध्याकाळी कळेल.

आता पत्ता मोबाईलवर सापडतो. २०२० च्या टाळेबंदीत तर आमच्या मीटिंगा मोबाईलवरच भरल्या. पण फाटकापासून वर्गापर्यंतची शेवटची वीस पावले अजून ज्याची त्यालाच चालावी लागतात.

तो अर्ज हिने दिला नाही, फाडलाही नाही. रेशनकार्डातच आहे. परवा मी धीर करून विचारले, “हा कशाला ठेवलास?”

“खोटं काय आहे त्यात?” ही म्हणाली. “वडिलांची बदली झालीच की. तिसरी ‘ब’मध्ये.”