इम्पोर्ट

गेल्या महिन्यात आमच्या चिरंजीवांच्या नावाने सरकारी पत्र आलं. साडेसोळा वर्षं पूर्ण होत आली, तेव्हा नॅशनल सर्व्हिससाठी नाव नोंदवा, असा मजकूर. मुलगा आमच्या पीआरवर पीआर झालेला, म्हणजे सिंगापूरच्या नियमाप्रमाणे दोन वर्षं गणवेश घालणं त्यालाही भागच. हे आम्हाला पीआर घेतानाच ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि डायनिंग टेबलावर लोणच्याच्या बरणीला टेकवून ठेवलेलं पत्र रोज जेवताना बघणं वेगळं! ही काही बोलली नाही. मीही बोललो नाही. मला मात्र त्या दिवसापासून राहून राहून वोलोंगाँगचा लंबू आठवायला लागला. त्याचा आणि या पत्राचा संबंध काय, ते सांगायचं तर जरा मागे जावं लागेल.

मी मूळचा नागपूरचा. नागपुरात बास्केटबॉलचं वेड जुनं आहे. आमच्या लहानपणी संध्याकाळी शिवाजीनगर जिमखान्याच्या कोर्टाला कडेने गर्दी असायची. मी खेळायचो, पण बेताचाच. उंची पाच फूट सात इंच, त्यामुळे माझं मुख्य काम म्हणजे बाहेर गेलेला बॉल आणून देणं. पुढे इंजिनिअर झालो, दोन वर्षं बुटीबोरीच्या एमआयडीसीत काढली आणि २००४ साली मास्टर्स करायला ऑस्ट्रेलियात वोलोंगाँगला गेलो. सिडनीच्या दक्षिणेला समुद्रकाठचं गाव, शेजारी पोर्ट केंबलाच्या पोलाद कारखान्याची धुराडी. गाव लहान, पण बास्केटबॉलचं मोठं नाव. तिथला हॉक्स संघ ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय लीगमध्ये १९७९ सालच्या अगदी पहिल्या मोसमापासून आहे. मला वाटलं, चला, देवाने बरोबर जागी आणून टाकलं.

आम्ही चार देशी पोरं एका जुनाट इमारतीत वरच्या मजल्यावर राहायचो. खालच्या फ्लॅटमध्ये एक अमेरिकन होता, साडेसहा फुटांहून उंच. आम्ही त्याला लंबू म्हणायचो. पुढे त्यालाही ते कळलं आणि आवडलं. तो राज्य पातळीवरच्या लीगमध्ये एका क्लबसाठी खेळायचा, 'इम्पोर्ट' म्हणून. हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. आपल्याकडे इम्पोर्टेड म्हणजे घड्याळ, परफ्यूम, फार तर कोलंबोहून आणलेली साडी. माणूसही इम्पोर्टेड असतो हे मला नवीन होतं. तिकडे प्रत्येक संघाला बाहेरचे खेळाडू मोजकेच घेता येतात, एक-दोन, फार तर तीन. बाकी सगळे तिथलेच.

पैशाने श्रीमंत असेल असं आम्हाला वाटायचं. कसलं काय! मोठ्या लीगमधले इम्पोर्ट बरं कमावत असतील, पण लंबूच्या पातळीवर क्लबने द्यायचं ते जायचं-यायचं विमानाचं तिकीट, राहायला फ्लॅट, एक खटारा गाडी आणि वर थोडाफार खर्चाला पैसा. त्या बदल्यात सकाळी शाळाशाळांतून पोरांना शिकवायचं, संध्याकाळी प्रॅक्टिस आणि शनिवारी मॅच. त्याच्या संघातला एक जण प्लंबर होता, एक शाळामास्तर, एक बँकेत. ते शनिवारी हरले तर सोमवारी आपापल्या कामावर जायचे. लंबू हरला तर सुपरमार्केटात दूध घ्यायला गेल्यावर काउंटरवरची बाईसुद्धा विचारायची, शनिवारी काय झालं रे? वीसेक पॉइंट केले तर त्यात विशेष काही नाही, त्यासाठीच तर आणलाय. आठ केले तर मात्र लोक हिशेब मांडायला बसायचे. तो एकदा आमच्याकडे वरण-भात खाताना म्हणाला होता की, इथल्या पोराचा दिवस वाईट जाऊ शकतो, माझा नाही.

२००५ च्या जुलैमध्ये त्याचा गुडघा सुजला. दोन मॅच बाकावर बसून काढल्या. तिसऱ्या आठवड्यात क्लबचा फोन आला. रागावून नाही, अगदी सौजन्याने. दुसरा माणूस अमेरिकेतून निघाला होता आणि त्याला तोच फ्लॅट लागणार होता. व्हिसा क्लबच्या नावावर, गाडी क्लबची, गादीसुद्धा क्लबची. लंबूकडे स्वतःच्या दोन बॅगा आणि एक बॉल. बॉल त्याने आम्हाला दिला. सिनेमात असता तर तो आजही माझ्या शोकेसमध्ये असता; प्रत्यक्षात सिंगापूरला आणल्यावर दोनच वर्षांत त्याचं कातडं सुटलं आणि आम्ही टाकून दिला.

मी २००६ च्या ऑगस्टमध्ये सिंगापूरला नोकरीसाठी आलो. आणि योगायोग बघा, त्याच वर्षी ऑस्ट्रेलियाच्या लीगमधला न्यूकॅसलचा हंटर पायरेट्स हा संघ गाशा गुंडाळून सिंगापूरला आला आणि 'सिंगापूर स्लिंगर्स' झाला. म्हणजे आख्खा संघच इम्पोर्ट! हे लोक ऑस्ट्रेलियाच्या लीगमध्ये खेळायचे, घर मात्र सिंगापूर. आज पर्थ, परवा ब्रिस्बेन, मग न्यूझीलंड. पहिल्याच मोसमात वोलोंगाँगचे हॉक्स इनडोअर स्टेडियमला खेळायला आले तेव्हा मी धावत गेलो. आता टाळ्या कुणासाठी वाजवायच्या? जिथे शिकलो त्यांच्यासाठी, की जिथे पगार मिळतो त्यांच्यासाठी? शेजारचे चिनी काका दोन्ही बाजूंच्या बास्केटला टाळ्या वाजवत होते. मीही तेच केलं. दोन मोसमांनंतर, २००८ साली, प्रवासाच्या वाढत्या खर्चापायी स्लिंगर्स त्या लीगमधून बाहेर पडले आणि २००९ पासून आग्नेय आशियाच्या लीगमध्ये खेळू लागले.

माझी नोकरी तुआसला. सिंगापूरचं पश्चिमेकडचं शेवटचं टोक. पुढे समुद्र आणि त्यापलीकडे मलेशिया. मेट्रो तिथे पोचली २०१७ च्या जूनमध्ये. त्याआधी पहाटे बून ले स्टेशनबाहेर कंपनीच्या बसची रांग लावायची आणि बसमध्ये बसल्याबरोबर झोपायचं. मोठाले ट्रेलर, वेल्डिंगच्या ठिणग्या, आणि वारा फिरला की कुठल्या तरी कारखान्याचा वास. पाहुण्यांना आपण मरीना बे दाखवतो, तुआस दाखवत नाही! एका मलय फोरमनने मला नावाची गोष्ट सांगितली होती. पूर्वी इथले कोळी किनाऱ्याजवळ पाण्यात नारळाच्या झावळ्या टाकायचे. सावली बघून मासे खाली गोळा झाले की जाळं ओढायचं. या पद्धतीवरून तुआस हे नाव पडलं म्हणतात. गोष्ट ऐकून बसमधले आम्ही सगळे देशी एकमेकांकडे बघून हसलो होतो.

तुआसमध्ये माणसाची ओळख त्याच्या पासवरून. वर्क परमिट, एस पास, एम्प्लॉयमेंट पास. पहिल्या दोघांना कोटा. कारखान्यात इथले लोक इतके असतील तर बाहेरचे इतके, शिवाय डोईमागे सरकारला महिन्याची लेव्ही. एचआरचा माणूस कोट्याचं गणित मांडायला लागला की मला लंबूच्या लीगची आठवण यायची. माझ्या ईपीला कोटा नव्हता, त्यामुळे मी स्वतःला या हिशेबाच्या बाहेरचा समजत असे. जेवणाच्या सुटीत डॉर्मिटरीतल्या तामिळ आणि बांगलादेशी पोरांशी बोलताना माझ्या आवाजात थोडं साहेबपण यायचं, हे कबूल करायला हवं. दोनदा पीआरला अर्ज केला, दोनदा नकार आला. मनावर घेतलं नाही. पगार होता, घर होतं, लेक मोठा होत होता.

मग तेल पडलं. २०१४ च्या मध्याला शंभर डॉलरच्या वर असलेला पिंपाचा भाव २०१६ च्या जानेवारीत तिशीच्या खाली गेला. आमची कंपनी तेलविहिरींच्या रिगसाठी सामान बनवायची. रिगच नको तर सामान कुणाला हवं? जानेवारीतच लेकाला पहिलीत घातलं होतं. सरकारी शाळेत परदेशी मुलांचा नंबर सगळ्यात शेवटी. तिथे जागा मिळाली म्हणून आम्ही पेढे वाटले होते. फेब्रुवारीत मला मीटिंग रूममध्ये बोलावलं. रागावून नाही, अगदी सौजन्याने. नोटिशीचा पगार मिळेल, पास रद्द होईल, त्यानंतर देशात राहायला तीस दिवस. मी बाहेर आलो आणि पहिलं काय केलं असेल, तर लॉकरमधले सेफ्टी शूज बॅगेत भरले. ते कंपनीचे होते. सिक्युरिटीच्या काकांनी बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं.

ते तीस दिवस मी कधी लिहून काढीन असं वाटलं नव्हतं. सकाळी लेकाला शाळेत सोडायचं, मग लायब्ररीत बसून अर्ज करायचे. हिने किराणा महिन्याचा न आणता आठवड्याचा आणायला सुरुवात केली. मला काही म्हणाली नाही, पण पाच किलोच्या तांदळाच्या पिशवीऐवजी दोन किलोची दिसल्यावर मला ते कळलं. नागपूरला सांगितलंच नाही. आईचा फोन आला की मी आवाज चढवून ऑफिसातल्या गप्पा मारायचो. एका संध्याकाळी लेकाला घेऊन स्लिंगर्सची मॅच बघायला गेलो. ते त्या वर्षी लीगच्या फायनलपर्यंत गेले होते (मार्चमध्ये मलेशियाच्या संघाकडून तीन-दोनने हरले). लेक पहिल्यांदाच खरा सामना बघत होता, बाकावर उभा राहून ओरडत होता. मी मात्र बघत होतो स्लिंगर्सच्या अमेरिकन इम्पोर्टकडे. त्याने सोपा ले-अप चुकवला आणि लगेच मान वळवून कोचकडे बघितलं. इथल्या पोरांपैकी कुणी चुकलं की ते सरळ मागे पळत सुटायचे. याची मान मात्र आधी कोचकडे! लंबू असंच बघायचा. आणि माझ्या लक्षात आलं की गेली दहा वर्षं प्रत्येक मीटिंगमध्ये चूक झाली की मीही आधी बॉसकडेच बघतोय.

सव्विसाव्या दिवशी नोकरी मिळाली. तुआसलाच, दोन गल्ल्या सोडून, पगार पाचवा हिस्सा कमी. मी दुसरा प्रश्नच विचारला नाही.

त्यानंतर मात्र पीआरचं मनावर घेतलं. तिसऱ्यांदा अर्ज केला आणि २०१८ साली तिघांनाही मिळाली. फॉर्म भरताना लेकाच्या नॅशनल सर्व्हिसचा विषय निघाला होता. तो नऊ वर्षांचा होता. आम्ही म्हटलं, अठरा व्हायला अजून खूप वेळ आहे. खरं सांगायचं तर त्या फेब्रुवारीची भीती माझ्या मानगुटीवर बसली होती आणि ती उतरवण्याची किंमत मी लेकाच्या खात्यावर लिहिली. हे आजवर हिच्याजवळही बोललो नव्हतो.

लेक त्या एका मॅचमुळे बास्केटबॉलमध्ये पडला तो पडलाच. इथे हा खेळ बहुतांशी चिनी मुलांचा. शाळेच्या संघात तो एकटाच भारतीय, कोच निम्मं मँडरिनमध्ये ओरडतो आणि याला ते कळतं. २०१७ साली अमृतपाल सिंग सिडनी किंग्जकडून ऑस्ट्रेलियाच्या लीगमध्ये खेळला तेव्हा मी मोठ्या उत्साहाने त्याला व्हिडिओ दाखवले. बघ, पंजाबातल्या शेतकऱ्याचा मुलगा, किती उशिरा बास्केटबॉल हातात घेतला आणि त्या लीगमध्ये खेळणारा पहिला भारतीय झाला! त्याच्याही आधी, २००६ ते २००८ मध्ये, केरळची गीतू अॅना जोस मेलबर्नजवळच्या रिंगवुडकडून खेळून आली होती, तेही सांगितलं. लेकाने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "बाबा, इम्पोर्टला तिथे मित्र असतात का?" मला उत्तर देता आलं नाही.

तर ते पत्र. आठवडाभर लोणच्याच्या बरणीला टेकून राहिल्यावर एका रविवारी विषय निघाला. पर्याय तसा एक होता. पीआर सोडायची, त्याला नागपूरला किंवा ऑस्ट्रेलियात शिकायला पाठवायचं. पण सेवा न करता पीआर सोडली तर पुढे इथे शिकायला किंवा नोकरीला येणं अवघड होतं, हे सगळ्यांना माहीत आहे. व्हिडिओ कॉलवर आई म्हणाली, "काहून रे, आपल्या पोराने दुसऱ्याच्या फौजेत काहून जायचं? तू गेला होता का आपल्या फौजेत?" यावर काय बोलणार? ही म्हणाली, दोन वर्षं उशिरा कॉलेज, त्याचं काय? तिचे मुद्दे बरोबरच होते. मी तोवर गप्प होतो. मग मी त्या तीस दिवसांबद्दल लेकाला सांगितलं, पहिल्यांदाच. तांदळाच्या पिशवीपासून शूजपर्यंत सगळं. आणि हेही सांगितलं की तुझी दोन वर्षं मी तेव्हा तुला न विचारता देऊन टाकली, तर आता तू नाही म्हणालास तर मी वाईट वाटून घेणार नाही.

तो बुटाच्या नाड्या बांधत होता. म्हणाला, "बाबा, आमची अख्खी टीमच जाणारे. मी एकटाच कसा नाही जाणार?" आणि बॉल घेऊन खाली गेला.

ही बराच वेळ खिडकीशी उभी होती. खाली कोर्टावर त्याला पोरं हाक मारत होती, तीही निम्मी मँडरिनमध्ये. मग आत येऊन मला म्हणाली, "शूज परत केले होते का रे?" नव्हते केले. नव्या नोकरीत तेच घालून गेलो होतो.

नाव नोंदवलं. मेडिकल पुढच्या महिन्यात आहे, त्या दिवशी मी रजा टाकली आहे. आईला कळवलं तर ती घटकाभर गप्प बसली, मग म्हणाली, "त्याच्या आधी आठ दिवस त्याले रोज तूप घाल भातावर. वजन कमी भरलं तर ते लोक म्हणतील, मायबापाने पोराला खाऊ नाही घातलं."