फाटलेला पापुद्रा

माझ्या टेबलावर एका कांचेच्या बशींत एक फाटलेला पापुद्रा मीं जपून ठेवला आहे. पाहुण्यांना ती कांद्याची साल वाटते. मला मात्र त्याच्याकडे पाहिलें कीं माझी एक चूक आठवते.

हा पापुद्रा पॉलिमरचा आहे. त्याच्या लांबलचक साखळ्यांना सल्फॉनिक आम्लाचे गट जोडलेले असतात. त्यांच्या ऋणभारामुळें धनभारित आयन पलीकडे जातात. ऋणभारितांना बहुतांशीं दार बंद! मिठाच्या पाण्यापासून कॉस्टिक सोडा आज पाऱ्यावांचून करतां येतो, तो अशाच पटलांच्या कृपेनें. १९६५ सालीं जेमिनि-५ या अमेरिकन अवकाशयानाच्या इंधनघटांतही पॉलिस्टायरिनचें असें पटल होतें. पण तें फार काळ टिकणारें नव्हे. त्याच दशकांत ड्यूपॉन्टच्या वॉल्थर ग्रोट यांनीं फ्लोरिनयुक्त साखळीचें 'नॅफिऑन' घडविलें. तें टिकाऊ खरें, पण महाग.

माझी एक विद्यार्थिनी फ्लोरिनवांचून स्वस्त पटल करूं पाहत होती. वाहकता कमी पडे. "गट वाढवा," मी म्हणालों. ती संकोचानें म्हणाली, "सर, गट वाढले कीं पटल पाणी अधिक पितें. तें फुगेल आणि दुबळें होईल."

हें मींच तिला शिकविलें होतें! पण तीस वर्षांच्या अध्यापनानें माणसाच्या कानांवरही एक पटल चढतें. आंतले शब्द बाहेर जातात. बाहेरचे आंत येत नाहींत. मीं हट्ट धरला.

वाहकता वाढली. घरीं येऊन मीं पत्नीला विजयवार्ताही सांगितली. तिसऱ्या आठवड्यांत, वाळलेलें पटल पुन्हा भिजतांना मधोमध फाटलें. मुलीची चार महिन्यांची मेहनत त्या एका चिरेंतून वाहून गेली. "मी सांगत होतें," असें ती म्हणाली नाहीं. म्हणाली असती, तर मला बरें वाटलें असतें.

दुसऱ्या दिवशीं सर्वांसमक्ष मीं माझी चूक कबूल केली. पुढें गट बेतानें ठेवून आणि साखळ्या ठिकठिकाणीं एकमेकींशीं सांधून तिनें आपल्या मतानें पटल केलें. त्याची वाहकता माझ्या आंकड्याहून कमी आहे. पण तें अजून शाबूत आहे.

परवांच एका विद्यार्थ्यानें माझें म्हणणें खोडून काढलें. उत्तर जिभेवर तयारच होतें. इतक्यांत नजर बशीकडे गेली. मी म्हणालों, "पुन्हा एकदां सांगा बरें."