बंद आणि बिघडलेले

‘बंद’ आणि ‘बिघडलेले’ हे दोन शब्द बोलण्यात आपण सहज एकमेकांच्या जागी वापरतो. विहिरीवरची मोटर बंद आहे म्हटले, की ती जळाली आहे की वीज गेली आहे, हे ऐकणाऱ्याने संदर्भावरून ताडायचे असते. या दोन शब्दांतल्या अंतराकडे माझे लक्ष वेधले ते एखाद्या शब्दकोशाने नव्हे, तर संगणकाच्या प्रोसेसरने. मराठीच्या अध्यापकाने या प्रांतात कशाला शिरावे, असे वाचकांना वाटेल; पण विषय शेवटी मूल्यमापनाचा आहे, आणि ते आपले रोजचेच काम.

प्रोसेसर बनवणाऱ्या कंपन्या स्वस्त आणि महाग माल दर वेळी निरनिराळा घडवत नाहीत. सिलिकॉनच्या एकाच चकतीवर अनेक सारख्या चिप तयार होतात, त्यांची चाचणी होते आणि मग प्रतवारी लागते. काहींत खरोखर दोष असतो. तेवढा भाग बंद करून त्या कमी किमतीला विकल्या जातात. मात्र स्वस्त मालाला मागणी अधिक असेल, तर निर्दोष चिपचेही काही भाग बंद केले जातात. शिक्का दोन्हींवर एकच. तो किंमत सांगतो, कारण सांगत नाही.

इंटेलने 1991 साली आणलेला 486एसएक्स हे याचे नमुनेदार उदाहरण. 486डीएक्समधला गणिती भाग त्यात बंद ठेवलेला होता. ज्यांना तो हवा, त्यांच्यासाठी 487एसएक्स नावाची जोडचिप विकली गेली. प्रत्यक्षात ती जवळजवळ पूर्ण 486डीएक्सच होती. बसवली, की जुन्या चिपला गप्प करून सगळे काम स्वतःच करी! 2010 साली याच कंपनीने एका पेंटियममधली बंद क्षमता पन्नास डॉलरच्या कार्डावर उघडून देण्याचा प्रयोग केला. त्यावर बरीच टीका झाली आणि 2011 मध्ये तो गुंडाळला गेला.

गिऱ्हाइकांनी स्वतःच कुलूप काढल्याच्या कथा अधिक रंजक आहेत. 2000 साली आलेल्या एएमडीच्या ड्युरॉन आणि थंडरबर्ड अॅथलॉन या चिपांवर ‘एल1’ नावाचे बारीक जोड असत. ते तोडून चिपचा वेग ठरवणारा गुणक कायम केलेला असे. तुटलेल्या जोडांवरून मऊ पेन्सिलीची रेघ ओढली, की ग्रॅफाइटमधून वीज वाहते आणि गुणक मोकळा होतो, हे कोणाच्या तरी ध्यानात आले. उसाला दारे धरताना खोऱ्याने बांध फोडावा आणि पाणी सरीत वळावे, तितके ते साधे होते. 2001च्या अॅथलॉन एक्सपीमध्ये त्या जोडांच्या जागी खाचाच पडल्या आणि साध्या पेन्सिलीची मात्रा चालेनाशी झाली. अर्थात कंपन्यांचीही एक बाजू होती. काही व्यापारी कमी वेगाच्या चिपवर जास्त वेगाचा शिक्का मारून विकत. कुलूप त्यांच्यासाठीही होते.

2009 साली एएमडीचे फिनॉम टू एक्स2 बाजारात आले. आत चार गाभे, त्यांतले दोन बंद. काही मदरबोर्डांच्या बायोसमधला एक पर्याय बदलला, की ते जागे होण्याची शक्यता असे. आमच्या काटेवाडीच्या घरात 2011च्या सुमारास थोरल्या भावाच्या मुलाने असाच एक जुना प्रोसेसर पुण्याहून आणला. मुलगा बारावीला गणितात नापास झालेला. त्याच्या डोक्याविषयी घरातल्यांचे मत ठरून गेले होते. संगणकाने चार गाभे दाखवले, पण त्याचा त्यावर विश्वास बसेना. जागा झालेला गाभा तासन्‌तास भार सोसतो का, हे पाहायला हवे होते. भारनियमन मध्येच आडवे येई आणि चाचणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होई. आठवडाभराने तो म्हणाला, “काका, तिसरा नुसता बंद ठेवला होता. चौथा मात्र खरंच बिघडलाय.” चौथा त्याने निमूटपणे पुन्हा बंद केला. त्या तीन गाभ्यांवर त्याने पुढे तीन वर्षे लग्नांच्या चित्रफिती जुळवल्या. गणिताचा पेपर मात्र त्याने पुन्हा दिलाच नाही. त्याची स्वतःची चाचणी अशी अपुरीच राहिली.

प्रत्येकात सुप्त सामर्थ्य असते, हे सुभाषित इथे उपयोगाचे नाही. चौथा गाभा खरोखरच सदोष होता. पण ते आठवडाभराच्या खटपटीनंतर कळले, शिक्का वाचून नव्हे. ग्रामीण महाविद्यालयाच्या कला शाखेत येणारे पुष्कळ विद्यार्थी आधीच कुठेतरी प्रतवारी होऊन आलेले असतात. एखादी मुलगी वर्गात बोलत नाही. तिला कविता कळत नाही, की प्रमाणभाषेत चूक होईल या धास्तीने तिने तोंड मिटले आहे? उत्तरपत्रिकेत दोन्हींचे गुण सारखेच पडतात.

मूल्यांकनाच्या कागदपत्रांसाठी महाविद्यालयांत ‘स्लो लर्नर’ विद्यार्थ्यांच्या याद्या कराव्या लागतात. आमच्या विभागाची यादी करताना मी नावापुढे कारणाचा एक रकाना आखतो. नमुन्यात तो नाही, पुढे पाठवायच्या प्रतीतून तो काढावाही लागतो. जून-जुलैत तो बहुतेक कोराच असतो. दिवाळीपर्यंत पाच-सहा नावांपुढे काही लिहिता आले, तर वर्ष बरे गेले असे मी समजतो.